खासगी लाईन

मार्लो, इंडियाना
९ मार्च १९२४

क्रेसेन्स,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव. तुझं घर माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतं. तरी तिकीट लावून पत्र टाकते आहे, कारण तुझ्या दारात पाय ठेवायची माझी इच्छा नाही, आणि तुझ्या नवऱ्याची तर त्याहून नसेल. तो माझी पत्रं फोडून वाचत असेल तर खुशाल वाचू दे. हार्लन टिबेट्स, वाच बाबा. तुला मी घाबरत नाही.

आज दुपारी तू फोन उचललास. टेलिफोनच्या बोर्डावरून मी म्हटलं, "नंबर?" तू म्हणालीस, "लाकडाची वखार." मी जोडून दिला. दीड वर्ष झालं, दोन सख्ख्या बहिणींचं रोजचं बोलणं ते एवढंच. गावात लोक मला विचारतात, "बहिणीशी बोलणं आहे की नाही?" मी सांगते, "आहे की, रोजच्या रोज."

तुला सांगायचं ते असं की बाबांचं पत्र आलं. शिकागोत बिस्किटांच्या कारखान्यात त्यांना भट्टीवर नाही घेतलं. वय झालं म्हणाले. डबे बंद करायच्या कामावर आहेत. ज्या माणसाच्या हातची शहाजिऱ्याची पावरोटी न्यायला लोक पहाटे दारात उभे राहायचे, तो आता पत्र्याच्या डब्यांना झाकणं लावतो. पत्रात तक्रार एका ओळीचीही नाही. तुझी चौकशी मात्र केली आहे. मी कळवलं, मजेत आहे, अंगावर चरबी चढली आहे.

विसरली असशील तर आठवण करून देते. दुकानांच्या काचांवर ती पाटी लागली, 'आम्ही फक्त आपल्या माणसांशी व्यवहार करतो', तेव्हा आपल्या बेकरीत येणारे आपण बोटांवर मोजायला लागलो. आपण कॅथलिक, म्हणजे आपण पोपचे हेर. बेकरीच्या तळघरात म्हणे बंदुका लपवल्या होत्या! तिथे पिठाची पोती आणि तुझ्या जुन्या बाहुल्या होत्या. बाबा तरीही हट्टाने रोज सगळी रास भाजायचे आणि संध्याकाळी ती डुकरांना घालायचे. मला वाटायचं, हेही निभावेल. मग जत्रेच्या मैदानावर पांढऱ्या झगेवाल्यांची, कॅथलिकांना आणि परक्यांना हाकलू पाहणाऱ्या त्या गुप्त संघटनेची, मोठी सभा झाली. सरबत, तळलेली कोंबडी, बँड. आणि व्यासपीठावर नव्या नवऱ्याशेजारी तू! "मी अंधारात होते, मला यांनी बाहेर काढलं," असं म्हणालीस. अंधारात म्हणजे आपल्या घरात. बाबांना ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायला मिळालं. त्याच आठवड्यात त्यांनी भट्टी विझवली.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. का गेले नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नोकरीचं कारण सांगितलं. खरं कारण तुला सांगते. हार्लन टिबेट्स तोंडावर आपटलेला मला माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे. आणि त्याच्या शेजारी तू.

ओटिली

१५ जून

क्रेसेन्स,

अभिनंदन! गावातली पहिली खासगी लाईन तुमच्या घरी. क्विम्बीसाहेब, म्हणजे आमच्या टेलिफोन कंपनीचे मॅनेजर, आठवडाभर दुसरं काही बोलत नाहीत. अर्जावर सही करायला तू स्वतः आली होतीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, जणू बोर्डापुढच्या खुर्चीवर माणूस नव्हे, उशीच ठेवलेली आहे.

तुमचंही बरोबर आहे म्हणा. आमच्यासारख्यांची एक तार दहा-बारा घरांत. घंटा कोणाची ते मोजायचं, दोन लांब एक आखूड म्हणजे पर्सेलांची, तीन आखूड म्हणजे चर्चच्या पाद्रीबुवांची, आणि आपली नसली तरी अलगद उचलून कानाला लावायची. यात कोणाला लाज नाही. एफी पर्सेल तर विणकाम घेऊनच बसते. तिच्या पिंजऱ्यातली कॅनरी मागे किलबिलते, त्यामुळे सगळ्यांना कळतं की एफी ऐकते आहे, आणि बोलणारे मध्येच विचारतात, "एफी, तुला काय वाटतं?" ती उत्तरही देते! असल्या गावात ज्याला शेरीफच्या निवडणुकीला उभं राहायचंय त्याने खासगी लाईन घेतली तर नवल काय? आता तुमचं बोलणं शेजारपाजारचं कोणी ऐकणार नाही. सुखाने बोला.

हार्लनची पत्रकं गावभर लागली आहेत. 'दारूला थारा नाही, पोपला थारा नाही, परक्यांना थारा नाही.' छायाचित्रात तू त्याच्यामागे उभी आहेस. हसते आहेस का दात दुखतोय, ते काही कळलं नाही.

ओटिली

२४ ऑगस्ट

क्रेसेन्स,

गावात काय बोललं जातंय ते तुझ्या कानावर आलंच असेल. टिबेट्सच्या वखारीत कोळशाच्या गाड्या येतात, त्यांत तळाशी व्हिस्कीच्या पेट्या असतात म्हणे. एफी पर्सेलला कोणीतरी सांगितलं. कोणी सांगितलं, देव जाणे. दारूबंदीचा एवढा कैवारी, त्याच्याच कोळशाखाली व्हिस्की! मी म्हटलं, आता संपला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

आणि झालं काय? काहीच नाही. शनिवारच्या सभेला पूर्वीपेक्षा जास्त माणसं. दंतवैद्य डॉर्सी औषधाच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाकीच्यांना बंदी असावीच. सगळेच प्यायला लागले तर देशाचं काय होईल?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! पाद्रीबुवांनी रविवारी क्षमेवर प्रवचन दिलं. सोमवारी तिघेजण वखारीत जाऊन हळूच विचारून आले म्हणे, 'ओला कोळसा' आहे का. त्या तिघांत एफीचा नवरा.

हार्लनने एका गाडीवानाला कामावरून काढलं, त्यानेच चहाडी केली असं समजून. त्या गाडीवानाबद्दल मला वाईट वाटत नाही. आपल्या बेकरीच्या काचेवर पहिला दगड मारणारा तोच.

पण मी या लोकांना ओळखण्यात चुकले, हे कबूल करते. पापाने इथे कोणाचं काही बिघडत नाही. पापी माणूस आपल्यातलाच वाटतो. मग यांना कशाने झोंबेल? बोर्डापुढे बसून दिवसभर हाच विचार करते.

ओटिली

२२ ऑक्टोबर

सेन्झी,

आज तुला लहानपणच्या नावाने हाक मारते, कारण आज माझं मन शांत आहे. काल काय झालं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. कसं झालं ते मी सांगते. आता लपवायचं कारण उरलं नाही. सकाळीच क्विम्बीसाहेबांनी माझा हिशेब केला. ओरडले मात्र नाहीत. उलट खाली वाकून म्हणाले, "ओटिली, तो डॉर्सीचा भाग मला नीट ऐकू आला नाही. नक्की काय म्हणाला तो?"

खासगी म्हणजे काय, ते तुझ्या नवऱ्याला कधी कळलंच नाही. शेजाऱ्यांच्या तारेत तुमची तार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती येते माझ्याच बोर्डावर. मी जोडते आणि वाटलं तर ऐकते. जूनपासून ऐकते आहे. व्हिस्कीचं मीच एफीला सांगितलं. झालं समाधान?

काल सगळ्यांची जेवणं आटोपत होती. तुमच्या घरून बोर्डावर फोन आला. तू म्हणालीस, "इंडियानापोलिस," आणि नंबर सांगितलास. तो नंबर मला पाठ आहे. झगेवाल्यांचा राज्याचा संघटक, तो जाडा स्ट्राउड. मी जोडून दिला आणि कान लावला.

सुरुवातीला नेहमीचंच, किती माणसं येतील, किती बँड आणायचे. मग मागून तुझा आवाज आला. "त्यांना डॉर्सीच्या झग्याची गंमत सांगा ना." आणि हसलीस. मला आग लागली गं. बाबा डब्यांना झाकणं लावताहेत, आणि ही बया हसते आहे!

हार्लन खुलला. "अहो स्ट्राउड, आमचा दंतवैद्य! झगा इतका लांब शिवलाय की क्रूस पेटवायला गेला आणि पायात अडकून शेणात तोंडावर पडला. उठून म्हणतो कसा, 'कोणी बघितलं का?' अरे गाढवा, डोक्यावर टोपडं आहे, तूच तो हे कोणाला कळणार! आणि तोच आमच्याकडे गुप्त खुणांचा प्रमुख!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना कशाने झोंबेल ते मला समजलं.

आग लागली, पूर आला, की आम्ही सगळ्यांची घंटा वाजवतो. एकच लांब घंटा, थांबतच नाही अशी. ती झाली की जिल्ह्यातलं प्रत्येक घर हातातलं काम टाकून फोन उचलतं. मी बोर्डावरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या वायरी सगळ्या तारांत खोचल्या, लांब घंटा दिली आणि हार्लनची लाईन त्यांना जोडली. इतक्या घरांनी उचलल्यावर आवाज बारीक होतो. पण माणसं श्वास रोखून बसली तर बारीक आवाजही पुरतो. कॅनरी तेवढी ओरडत होती, तिच्यावर एफीने टॉवेल टाकला असावा.

हार्लन म्हणाला, "लाईनवर कुरकुर कसली?" मागून तू म्हणालीस, "बाहेर वारा आहे. तारा हलताहेत." आणि गडी पुन्हा सुरू. डॉर्सीची गंमत पहिल्यापासून आणखी एकदा, आणि मग बाकीच्यांची.

"दहा डॉलर घेतो मी एका झग्याचे. बेडशीट असते हो ती! उद्या पिठाच्या पोत्याला दोन भोकं पाडून दिली ना, तरी ही मंडळी रांग लावतील. पोप येतोय म्हटलं की खिशात हात घालतात. एक म्हातारी आहे, पर्सेल म्हणून, तिने तर दार बंद करायला दोन कड्या लावून घेतल्यात. रोममधून तिच्या कोंबड्या चोरायला येणार आहेत!"

स्ट्राउड हसून हसून खोकायला लागला. मग म्हणाला, "पण तुझी बायको त्या पोपवाल्यांतलीच ना रे?"

माझा हात वायरीवर होता. ओढली असती तर तिथेच संपलं असतं. काय ऐकू येणार याचा मला अंदाज होता. मी ओढली नाही, हे तुला स्पष्ट सांगते.

"ती ना? ती शोभेला. बेकरीवाल्याची पोरगी मी वाचवली म्हटलं की बायका डोळे पुसतात. व्यासपीठावर उभी केली की गर्दी वाढते. बाजारात वासरू उभं करतात, तसं. बाकी काय खरं सांगू, त्या म्हाताऱ्यासारखी पावरोटी पुन्हा नाही मिळाली. पोपशी माझं काय वाकडं आहे? मला फक्त शेरीफ व्हायचंय."

वासरू, सेन्झी. साऱ्या जिल्ह्याने ऐकलं. मी खुर्चीला टेकून बसले आणि देवाचे आभार मानले. कॅथलिक देवाचे.

ओटिली

शिकागो
१६ नोव्हेंबर

सेन्झी,

मी बाबांकडे आले आहे. पुढे काय काय झालं ते इथे एफीच्या पत्रातून कळलं. ती आता मला आपली जिवलग समजते.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या फाटकासमोर झग्यांचा ढीग पडला होता म्हणे. मला वाटलं, लोकांना लाज वाटली. कसली लाज! लोक दहा डॉलर परत मागायला आले होते. पाद्रीबुवा सर्वांत पुढे. एफीने तर आपल्या कड्यांचेही पैसे मागितले. हार्लन दार लावून आत बसला. कोणीतरी त्याच्या पाटीवरचं नाव खोडून तिथे पिठाच्या पोत्याचं चित्र काढलं. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. नुसते उभे राहून त्याच्याकडे बघून हसत होते. तोच त्याला सहन झाला नाही, तो हशा. मागच्या दाराने स्टेशन गाठलं आणि ओहायोत भावाकडे निघून गेला. तुला न घेता.

हे वाचून मी बाबांसमोर टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, "कॉफी सांडेल."

शेरीफ कोण झालं सांगू? डॉर्सी! झगा गुडघ्यापर्यंत आखूड करून घेतला, आणि भरभरून मतं पडली. काचांवरच्या पाट्या जिथल्या तिथे आहेत. तेव्हा गावाचं काही बदललं असं मी म्हणत नाही. मला गाव बदलायचंच नव्हतं. मला हार्लन हवा होता आणि तू हवी होतीस. दोघं मिळालात.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून, जेवण झाल्यावर, नीट पहिल्यापासून सांगणार आहे. माझ्या आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट केली आहे, ती घाईत सांगून वाया घालवणार नाही.

आता तू कुठे जाशील याची मला उत्सुकता आहे. काळजी नाही, उत्सुकता.

ओटिली

शिकागो
२९ नोव्हेंबर

सेन्झी,

तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस, माझ्या पलंगावर, माझी रजई घेऊन. मी स्वयंपाकघरातल्या बाकावर आहे. हे पत्र दाराखालून सरकवीन. तुझ्याशी तोंडाने बोलायची सवय मोडली आहे, आणि आज बोलले तर बाबा जागे होतील इतका आवाज चढेल.

मी स्टेशनवर आले ती तुला घ्यायला नव्हे, तुला परत पाठवायला. तू बाबांना कळवलंस, त्यांनी मला पाठवलं म्हणून आले, पण मनात तेच होतं. तू एकच बॅग घेऊन उतरलीस. अंगात माझाच जुना कोट. मी म्हटलं, "काय गं, व्यासपीठ नाही मिळालं कुठे?"

तू म्हणालीस, "ताई, घंटा द्यायला किती वेळ लावलास! मला वाटलं, तुला सुचतंय की नाही."

मला काही कळेना. मग तू तिथेच, हमालांच्या गाड्यांमध्ये उभी राहून, सगळं सांगितलंस. खासगी लाईन हवी हा हट्ट तुझा. "ताई माझ्याशी बोलत होती तेव्हा तिने सांगितलं होतं, जोडून दिल्यावर तिच्या कानातला आवाज आपोआप बंद होतो," ही थाप तुझी. आणि त्याने ती मानली, कारण घरातच टेलिफोनवालीची बहीण! त्या संध्याकाळी नंबर तू लावलास, सगळे घरी असतील ती वेळ बघून. डॉर्सीची गंमत तू सांगायला लावलीस. आणि वारा! आत्ता आठवून बघितलं. त्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नव्हतं.

मी म्हटलं, "मग तुझ्याबद्दल बोलला ते? तू स्वयंपाकघरात गेली असशील."

"शेजारीच उभी होते. ते तो माझ्यासमोरच म्हणतो, ताई. पाहुण्यांपुढे, जेवताना. तू वायर ओढशील अशी भीती वाटत होती मला. नाही ओढलीस ते बरं केलंस. तेच तर सगळ्यांना ऐकवायचं होतं."

मी विचारलं, "आणि मैदानावर बोललीस ते?"

"ते मी बोलले," तू म्हणालीस. "शब्द त्याचे होते, पण तोंड माझं होतं. त्याची माफी मी तुझ्याकडे मागणार नाही. बाबांकडे मागेन."

आणि घरी येऊन मागितलीस. बाबांनी तुला खुर्ची ओढून दिली, पावरोटी कापली, टोकाची कुरकुरीत कड तुझ्या ताटात वाढली. ती कड मी इथे आल्यापासून माझ्या वाट्याला येत होती. मला म्हणाले, "ओटिली, लोणी दे तिला." आणि मी दिलं!

आता माझं ऐक. मी त्या बोर्डापुढे दोन वर्षं काढली ती याच्यासाठी. भट्टी विझली त्या दिवसापासून दुसरा विचार डोक्यात आणला नाही. लोक नाच करायला जायचे, मी कान लावून बसायचे. तुझ्या अपमानाने मला जो आनंद झाला तो माझा होता, माझ्या हाताने मिळवलेला. आणि तू येऊन सांगतेस की तो तूच मला वाढून दिला होतास! मी तुझ्यावर सूड घेत होते आणि तू माझ्या हाताने हार्लनवर तुझा सूड घेत होतीस. लहानपणापासून तुझं हेच. माझी रिबन, माझा कोट, माझा पलंग. आता माझा सूडही नेलास. तुला मी माफ केलेलं नाही. मैदानाबद्दल नाही आणि याबद्दल तर मुळीच नाही.

उद्या रविवार आहे. जेवण झाल्यावर मी बाबांना ती संध्याकाळ सांगणार आहे, पहिल्यापासून, अगदी घंटेपर्यंत. घंटा मी दिली, मला सुचली म्हणून दिली. तू समोर बसायचंस, ऐकायचंस आणि पहिल्यांदाच ऐकते आहेस असं तोंड करायचंस. मध्ये एक शब्द जरी बोललीस, वाऱ्याचं नाव जरी काढलंस, तर याद राख.

ओटिली